एका 'ना'ची नोंद

जगातल्या एकूण एक लोकशाह्यांची देखभाल बडोद्यात, गोत्रीला राहणारे एक निवृत्त गृहस्थ एकटे करतात. हे त्या देशांना अजून कोणी कळवलेलं नाही, एवढीच काय ती या व्यवस्थेतली उणीव. हे गृहस्थ म्हणजे आमच्या समोरच्या दारातले काका. चौथ्या मजल्यावर चारशे एक त्यांचं, चारशे दोन आमचं. मधे तीन पावलांची मोकळी जागा आणि काकूंची तुळस. लहानपणी मला वाटायचं की परराष्ट्र खात्याचं ऑफिस असतं ते हेच, कारण दार उघडं असलं की आतून 'स्वीडन', 'घाना', 'अगं चहा' असे शब्द एकापाठोपाठ एक ऐकू यायचे.

काकांनी सगळी नोकरी रिफायनरीत गेज वाचण्यात घालवली. हातात लॉगबुक घेऊन दर तासाला प्लँटमधून फेरी मारायची, प्रत्येक गेजसमोर उभं राहायचं आणि दाब, तापमान, पातळी लिहून खाली सही करायची. निवृत्त झाल्यावर गेज सुटली, पण फेरी सुटली नाही. सोसायटीच्या गेटजवळ एक काळा फळा होता. पूर्वी त्यावर पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी बंद असणार एवढंच असायचं. काकांनी एका सकाळी त्यावर देश लिहायला सुरुवात केली, आणि पाणी आणि लिफ्ट हळूहळू कोपऱ्यात सरकली. रोज सकाळी तीन वर्तमानपत्रं आणि एक मोबाइल संपवून काका खाली उतरत आणि डाव्या बाजूला मराठीत, उजव्या बाजूला गुजरातीत जगाची रीडिंग्ज लिहीत. 'स्वित्झर्लंड: दाब नॉर्मल. लोकांना पुन्हा विचारलं. हे लोक फार विचारतात.' 'ऑस्ट्रेलिया: पातळी भरपूर. मत न दिल्यास दंड.' 'ब्रिटन: जुनं मशीन. आवाज करतं, पण चालतं.' 'भूतान: राजाने आपणहून चावी दिली. असा ऑपरेटर विरळा.' आणि सगळ्यात शेवटी, रोज, न चुकता: 'भारत: चालू. प्लँट फार मोठा. फेरी अपुरी.'

फळ्यासाठी लागणारे रंगीत खडू गोत्रीत मिळत असतानाही ते लहरीपुऱ्यातल्या, साडीच्या फॉलपासून खडूंपर्यंत सगळं विकणाऱ्या एकाच दुकानातून आणत. कारण तिथला दुकानदार प्रश्न विचारायचा. एकदा मीही त्यांच्याबरोबर होते. आम्ही आत शिरतो न शिरतो तोच तो म्हणाला, "आवो काका, चिलीमां शुं थयुं?" काका खूश होऊन स्टुलावर बसले आणि एकच देश नवी राज्यघटना लिहितो, लोक ती नाकारतात, मग दुसरी लिहितो, लोक तीही नाकारतात, हे त्यांनी त्याला इतकं रंगवून सांगितलं की मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने साडीच्या फॉलचा रंग दाखवायचा सोडून विचारलं, "तो पछी अत्यारे कई चाले छे?" "जूनी!" काका म्हणाले, लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसे. "दोनदा नाही म्हटलं लोकांनी. दोन्हीकडच्यांना. याला म्हणतात सेफ्टी वाल्व." परत येताना रिक्षात लक्षात आलं की खडू दुकानातच राहिले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी, जिन्यात गुजराती, वर्गात इंग्रजी आणि टीव्हीसमोर हिंदी असं आमच्या पिढीचं चालतं, आणि या चारही भाषांत मी साधारण सारखीच गप्प असते. मराठी बोलता यायचं, पण वाचायला मी शिकले ती काकांच्या फळ्यावर. शाळेची रिक्षा येईपर्यंत दुसरं काही वाचायला नसायचं. एकदा फळ्यावर लिहिलं होतं, 'संसद विसर्जित.' मला विसर्जन फक्त गणपतीचं माहीत होतं, त्यामुळे त्या देशाची संसद ढोलताशे लावून सूरसागर तळ्यात नेतात असं मी बरेच दिवस धरून चालले होते. काकांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बराबर आहे. दोन्हीकडे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायला लागतं."

मत या शब्दावर त्यांचं फार प्रेम. "इंग्रजीत तुमच्याकडे दोन शब्द," ते मला म्हणायचे, "डोक्यात असतं ते ओपिनियन आणि पेटीत पडतं ते व्होट. दोघांची ओळख असेलच असं नाही. मराठीत आणि गुजरातीत एकच. मत म्हणजे मत." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "तर तुझं मत काय?" आणि माझं उत्तरही ठरलेलं: मी हसायचे आणि दप्तराचा पट्टा नीट करायचे. शेवटी त्यांनी माझं नावच 'गुप्त मतदान' ठेवलं. "काय गुप्त मतदान, कॉलेज का?" "आज गुप्त मतदानाचा वाढदिवस आहे म्हणे!" माझ्या पहिल्या नोकरीचे पेढे द्यायला गेले तेव्हा काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, गुप्त मतदानाचा निकाल लागला!"

काकूंवर या सगळ्याचा परिणाम शून्य. एकदा काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या आणि काका मला समजावत होते की, मराठीत निवडणूक हा शब्द इथून आला, ताटातून. खडे बाजूला काढायचे. गुजरातीत चूंटणी, म्हणजे फूल खुडावं तसं खुडायचं. आपण बडोद्याचे लोक भाग्यवान, आपल्याकडे दोन्ही आहे. काकूंनी ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "मग बसा, निवडा. तोंडाने पुष्कळ लोकशाही झाली." काका खरंच बसले. पण प्रत्येक खड्याला त्याची बाजू मांडायची संधी देत बसल्यामुळे त्या दिवशी जेवायला दोन वाजले. आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात कागदाऐवजी काचेची गोटी टाकून मत देतात, हे वाचल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात दोन डबे मांडले होते, एक वरणाचा आणि एक कढीचा. घरात माणसं दोन, तेव्हा रोज बरोबरी. चौथ्या दिवशी काकूंनी दोन्ही गोट्या तुळशीत टाकल्या आणि खिचडी केली. काकांनी फळ्यावर लिहिलं, 'चारशे एक: काळजीवाहू सरकार.'

पण या माणसाच्या थट्टेखाली एक नियम होता, आणि त्या बाबतीत ते कधीच थट्टा करत नसत. लॉगबुकात चूक झाली तर ती खोडायची नाही. रबर नाही, शाई ओतणं नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. प्लँटमधला हा नियम त्यांनी जगाला लावला होता. "कुठला देश चुकत नाही ते बघत बसू नकोस," ते म्हणायचे, "तसा देश नाहीच. चुकल्यावर रेघ मारतो का रबर काढतो, ते बघ. रबर दिसला की समज, तिथे अलार्म वाजायला हवा होता आणि कोणीतरी तो बंद करून ठेवलाय." एकदा त्यांनी एका पंतप्रधानाने न दिलेला राजीनामा फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी तो पुसणं सोपं होतं, डस्टर समोरच लटकत होता. काकांनी त्यावर एक रेघ मारली, बाजूला 'चूक माझी' लिहिलं आणि सही केली. आठवडाभर येणाराजाणारा प्रत्येकजण ते वाचत होता. दूधवाल्यानेसुद्धा विचारलं. काका प्रत्येकाला सांगत, "हो, चुकलो," आणि सांगताना त्यांचा चेहरा असा, जणू काही बक्षीस मिळालंय.

आणि भारत? भारताबद्दल ते तक्रारी करायचे, रोज करायचे, त्या फळ्यावरही लिहायचे. पण बाहेरच्या कोणी केल्या तर एकच गोष्ट सांगायचे. आपल्याच गुजरातेत, गीरच्या जंगलात, एकाच माणसासाठी मतदान केंद्र मांडतात. "एकासाठी! सिंहाच्या वाटेवरून माणसं मशीन घेऊन जातात. का? तर एक मत राहायला नको." इथे त्यांचा आवाज जड व्हायचा आणि ते उगाचच चष्मा पुसायचे.

तर अशा या फळ्यावर दोन वर्षांपूर्वी संकट आलं, ते पार्सलांच्या रूपाने. दिवसभर डिलिव्हरीची पार्सलं येतात आणि ती ठेवायला गेटपाशी कपाट हवं, आणि कपाटाला जागा एकच, फळ्याची. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जनरल मिटिंग भरली. मिटिंगनंतर सेवउसळ होती म्हणून हजेरी चांगली होती, एकोणीस घरं. बाबा गावाला, आईला ताप. घराच्या कागदांवर माझंही नाव आहे, म्हणून आमच्या घरातर्फे मी गेले आणि सवयीने सगळ्यात मागच्या खुर्चीवर, खांबाच्या आड बसले. आमचे सेक्रेटरीभाई मनाने फार चांगले, आणि घाईत असतात. त्यांनी विषय वाचला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "तो सर्वानुमते लखी दउं?" सर्वानुमते लिहून टाकू का, असं.

'सर्वानुमते' हा शब्द ऐकला की काकांना शिंका येतात, असं काकू म्हणतात. त्या दिवशी ते उठलेच. "सेक्रेटरीभाई, एकोणीस माणसं कधी एकमताची नसतात. विचारा. एकेका घराला विचारा आणि लिहा." "काका, तमारा बोर्डनी ज वात छे, अने तमे ज लांबुं करो छो?" "म्हणूनच." आणि त्यांनी असंही जाहीर केलं की आपला स्वतःचा दाब आपणच मोजायचा नसतो, तेव्हा चारशे एकचं मत ते देणार नाहीत, काकू देतील.

मग सेक्रेटरीभाईंनी रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक घराचा नंबर पुकारून विचारू लागले, "बोर्ड राखवुं छे? हा के ना?" आणि गुजरातीत 'हा' किंवा 'ना' लिहू लागले. दुसऱ्या मजल्यावरचे ना म्हणाले, कारण त्यांच्याकडे दिवसाला तीन पार्सलं येतात. तळमजल्यावरच्या बा हा म्हणाल्या, कारण काका त्यांच्यासाठी कोपऱ्यात तिथी लिहायचे. काकूंची पाळी आली तेव्हा त्या निःश्वास टाकून म्हणाल्या, "हा लखो भाई, नहीं तो घरनी भींतो पर लखशे." सगळे हसले. आणि हसणं थांबायच्या आत आवाज आला, "चारसो बे?"

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आम्ही बडोद्याची मुलं बोलताना 'ये ना' म्हणत नाही, 'ये ने' म्हणतो. गुजरातीतला 'ने' आमच्या मराठीत येऊन बसला आहे. आई गेली वीस वर्षं तो हाकलते आहे. "'ने' नाही गं, 'ना'. शुद्ध बोल." बाहेर मी गुजरातीतच बोलते, आणि त्या दिवशीही बोलायला हवं होतं. पण एकोणीस घरं वळून बघायला लागली आणि माझ्या घशातून जी निघाली ती घरातली भाषा, आणि तीसुद्धा आईला हवी तशी, शुद्ध. मी म्हटलं, "ठेवा ना."

'ठेवा' खांबाच्या अलीकडेच राहिलं. 'ना' तेवढा पोचला. सेक्रेटरीभाईंनी लिहिलं: ना.

मला काहीच कळलं नाही. आपण चारचौघांत बोललो, या धक्क्यातच मी होते. बेरीज झाली. हा नऊ, ना दहा. "बोर्ड नीकळशे," सेक्रेटरीभाई म्हणाले, आणि काकांनी आधीच बजावून ठेवल्यामुळे नावनिशी वाचून दाखवू लागले. 'ना'च्या यादीत शेवटचं घर होतं चारशे दोन.

मी वर पाहिलं तर काका माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी मान डोलावली. मग चालत खांबापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शाब्बास. गुप्त मतदान उघडं झालं. माझ्याविरुद्ध का होईना, स्पष्ट बोललीस." आणि ते खरंच खूश होते. ज्या फळ्यावर मी मराठी शिकले, तो मी माझ्या पहिल्यावहिल्या मताने उडवला असं त्यांना वाटत होतं, आणि त्याबद्दल ते मला शाबासकी देत होते. मग ते गेटकडे गेले, खिशातून खडू काढून फळ्याच्या कडेवर ठेवला, आणि डस्टर हातात घेतला.

मी उठले कधी ते आठवत नाही. खुर्ची मागे पडल्याचा आवाज आठवतो. "मारो मत खोटो लखायो छे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. गुजरातीत त्याचा अर्थ, माझं मत चुकीचं लिहिलं गेलंय. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ते मराठीत ऐकलं आणि शेजारी विचारलं, "खोटं मत? कोणी दिलं?" त्यामुळे गोंधळ वाढला. सेक्रेटरीभाई म्हणाले, "बेटा, रिझल्ट जाहेर थई गयो." आणि त्यांच्या बाजूने सगळ्यात जोरात कोण बोललं असेल, तर काका! डस्टर हातात धरून, स्वतःच्या फळ्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "बराबर आहे. निकालानंतर मत बदलता येत नाही. जगात कुठेही. स्वित्झर्लंडमध्येसुद्धा."

"मी बदलत नाहीये," मी म्हणाले. "मी 'ठेवा ना' म्हटलं. मराठीतला 'ना'. त्यांनी गुजरातीतला लिहिला. गेज बरोबर होतं काका, लॉगबुकात चुकीचं गेलंय."

काका थांबले. डस्टर खाली आला. उसळीच्या पातेल्यावरचं झाकण कोणीतरी पुन्हा ठेवल्याचं ऐकू आलं. मग बा म्हणाल्या, "साची वात छे. आ मराठी लोको हा पाडे तोय ना बोले." मराठी माणसं हो म्हणतानाही 'ना' म्हणतात, यावर सगळी मिटिंग हसली. सेक्रेटरीभाई मात्र खाडाखोडीच्या भीतीने रजिस्टर छातीशी धरून म्हणाले, "पण आमां छेकछाक न चाले." तेव्हा काका त्यांच्यापाशी गेले. "छेकवानुं नथी. एक लीटी मारो. नीचेनुं वंचावुं जोईए. बाजुमां हा लखो." मग माझ्याकडे वळून, "आणि सही तिची. माझी नाही."

मी सही केली. माझी सही इंग्रजीत आहे, बँकेत, ऑफिसात, सगळीकडे. त्या रजिस्टरमध्ये मात्र मराठीत आहे, जरा वाकडी. आजही ते पान उघडलं तर 'ना' दिसतो, त्यावरची रेघ दिसते, बाजूला 'हा' आणि माझं नाव. हा दहा, ना नऊ. पार्सलांचं कपाट जिन्याखाली गेलं आणि तिथेही मावलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तेव्हा फळ्यावर स्वित्झर्लंडच्याही वर, पिवळ्या खडूने लिहिलं होतं: 'गोत्री: एक चूक झाली. एका रेघेत दुरुस्त. सही आहे. दाब उत्तम.' मी ते दोनदा वाचलं आणि बस चुकली. त्यानंतर त्यांनी मला गुप्त मतदान म्हणणं सोडून दिलं. मला त्याची थोडी चुटपुट लागली, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी काका-काकू मुलीकडे कॅनडाला गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले, मग नातवंडं, मग काकूंचे गुडघे, आणि मुक्काम लांबतो आहे. जाताना खडूंचा डबा त्यांनी आमच्या दारात ठेवला, चिठ्ठीशिवाय. तेव्हापासून फळा मी लिहिते. माझं अक्षर फार वाईट आहे आणि चुका होतात. सध्या फळ्यावर तीन रेघा आहेत, तिन्ही सह्यांसकट. बा अजून तिथी विचारतात. परवा सेक्रेटरीभाईंनी थांबून विचारलं, "कॅनडामां शुं चाले छे?" आणि मी, जिन्यात सहसा न बोलणारी मी, दहा मिनिटं बोलत होते.

रविवारी काकांचा फोन येतो. तिकडे निवडणूक होती तेव्हा ते रोज मतदान केंद्राभोवती फेरी मारून यायचे. लोकांच्या अंगणात उमेदवारांच्या पाट्या कशा रोवलेल्या असतात, रांगेत कोणी कोणाला ढकलत कसं नाही, सगळं सांगायचे. त्यातल्याच एका रविवारी सांगत होते, दारावरच्या बाईंनी विचारलं, मत द्यायला आलात का? "मी म्हटलं, नाही, रीडिंग घ्यायला." ते हसले. "इथे मला मतं पुष्कळ आहेत गं," ते म्हणाले. "मत नाही." मग लगेच, आवाज बदलून, "भारताचं काय लिहिलंस आज?"

"चालू," मी म्हटलं. "फेरी अपुरी." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आता परत या ना."

तिकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी चष्मा काढला असावा. "हे हा धरू का ना?" त्यांनी विचारलं. "नीट सांग. नोंद होते इथे."

आई शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"या ने, काका," मी म्हटलं.